कार्बनच्या सूक्ष्म नळ्यांचें शुद्धीकरण

आपल्या परभणी जिल्ह्यांत कापसाची ओळख कोणास करून द्यावयास नको. सरकी काढल्यावांचून सूत निघत नाहीं. पण रेचा फार आवळला तर तंतूहि तुटतो. कार्बनच्या नळ्यांचेंहि तसेंच आहे.

जपानी शास्त्रज्ञ सुमिओ इइजिमा यांनीं १९९१ सालीं ह्या नळ्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांची जाडी नॅनोमीटरांत, म्हणजे मिलिमीटरच्या दशलक्षांश भागांत मोजतात. मुंबईस पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेंत प्रा. महेश्वर शारोन यांनीं त्या कापरापासून तयार केल्या.

नव्या नळ्यांत दोन प्रकारचा मळ असतो : काजळी, व नळ्या वाढाव्या म्हणून घातलेल्या लोखंडादि धातूंचे कण. काजळीची रचना विस्कळित असल्यामुळें ती नळ्यांच्या आधीं जळते. म्हणून प्रथम चूर्ण हवेंत सुमारें ४०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवितात. मोकळे झालेले धातूचे कण मग हायड्रोक्लोरिक आम्लांत विरघळवितात. शेवटीं चूर्ण गाळून, पाण्यानें धुवून वाळवितात. शुद्धि पाहण्यासाठीं थोडा नमुना पूर्ण जाळून राख तोलतात. ती धातूचा उरलेला अंश दाखविते.

मात्र उष्णता अधिक झाली तर नळ्याच जळतात, आणि तीव्र नायट्रिक आम्लांत फार वेळ राहिल्यास त्यांच्या भिंती झिजतात. कापराच्या रेणूंत ऑक्सिजनचा एक परमाणु असतो. त्याच्या योगें काजळी मुळांतच कमी होते, असें संशोधक मानतात. मागाहून धुण्यापेक्षां आरंभींच मळ कमी होऊं देणें श्रेयस्कर, हाच बोध आम्हांस येथें मिळतो.