टाकी रिकामी होईपर्यंत

पोरी, गोळी सुरू होऊन आठवडा झाला तरी छातीतली धडधड जात नाही, म्हणून गोळी लागू पडत नाही असं समजू नकोस. थायरॉईडचं हार्मोन जास्त झालं म्हणून तुला दिलेली कार्बिमाझोल ग्रंथीला नवीन हार्मोन बनवू देत नाही. आधी बनून ग्रंथीत साठलेलं हार्मोन मात्र तिला अडवता येत नाही, आणि थायरॉईडमध्ये कित्येक आठवड्यांचा साठा पडून असतो. नगरपालिकेचं पाणी बंद झालं तरी गच्चीवरची टाकी भरलेली असली की घरातला नळ वाहतच राहतो, तसंच हे. त्यातून रक्तात उतरलेलं टी-फोर हे हार्मोन निम्म्यावर यायलाच काही दिवस लागतात. बहुतेकांना दोन-चार आठवड्यांनी उतार वाटू लागतो, नीट ताळ्यावर यायला दीड-दोन महिने जातात. हे दिवस नुसते मोजत बसायचे नाहीत. या काळात तुझं हृदय, तुझे स्नायू, तुझे डोळे सांभाळायचे आहेत. ते कसं, हे मला वॉर्डातल्या वडीलधाऱ्या सिस्टरबाईंनी शिकवलं, आणि पुढे नोकरीभर पेशंटच्या बायका-लेकींना मी तेच सांगत आले.

बाकी सगळं विसरलीस तरी चालेल, पण हे एक विसरू नकोस. या गोळीवर असताना ताप आला, घसा धरला किंवा तोंडात फोड आले, तर पुढची गोळी घ्यायची नाही. त्याच दिवशी सीबीसी ही रक्ततपासणी करायची आणि रिपोर्ट डॉक्टरांना दाखवायचा. ही गोळी हजारातल्या दोन-पाच जणांच्या पांढऱ्या पेशी एकदम खाली आणते. बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांत, पण नंतर होणारच नाही असं नाही. अशा वेळी साधा घसा जिवावर बेतू शकतो. शेजारची म्हणेल, सध्या सगळीकडे व्हायरल आहे, मेडिकलमधून दोन गोळ्या आण. आणायच्या नाहीत. सर्दीच्या कितीतरी गोळ्यांमध्ये नाडी आणखी पळवणारं औषध असतं, तो तोटा वेगळाच. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगभर खाज सुटली तरी गोळी तशीच थांबवायची आणि डॉक्टरांना गाठायचं. हे मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लाव. तू तापाने पडलीस तर जावईबापूंना ते डोळ्यांसमोर दिसलं पाहिजे.

आता नाडी. सकाळी जाग आली की उठण्याआधी, अंथरुणातच, अंगठ्याच्या बाजूला मनगटावर तीन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोज. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण नाडीची चाल एकसारखी आहे की मध्येच चुकते, हे पूर्ण मिनिटातच कळतं. आकडा तारखेसह वहीत लिही. आडवं पडून असतानाही ती शंभराच्या वर राहत असेल तर डॉक्टरांना कळव. चाल वेडीवाकडी झाली, छातीत दुखलं, दम लागला किंवा भोवळ आली तर वही बाजूला ठेवून ईसीजी काढायला निघ. खूप ताप, उलट्या-जुलाब, बडबड किंवा गुंगी आणि सैरावैरा पळणारी नाडी हे सगळं एकत्र दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी थेट मोठं हॉस्पिटल. असं फार थोड्यांना होतं, पण होतं तेव्हा तासांचा हिशेब असतो.

धडधडीसाठी दिलेली प्रोप्रानोलॉल मात्र त्याच दिवशी काम करते. हात कापणं, घाबरं होणं तिने कमी होतं. तिने आजार बरा होत नाही, पण हे आठवडे सुसह्य होतात, म्हणून ती कमीपणाची समजू नकोस. बरं वाटलं म्हणून एकदम बंदही करू नकोस. लहानपणी तुला दम्याचा त्रास होता, ते डॉक्टरांना सांगितलं आहेस ना? नसेल तर आजच सांग. दम्याच्या माणसाला ही गोळी चालत नाही.

खाण्यात हात आखडता घेऊ नकोस. भूक वाढली आहे आणि वजन उतरतंय, म्हणजे शरीर स्वतःचे स्नायू जाळतंय. डाळ, अंडं, दूध, दही, शेंगदाण्याचा कूट, नाचणीची भाकरी, तूप असं दर तीन-चार तासांनी काहीतरी पोटात जाऊ दे. दूध आणि नाचणी हाडांसाठीही हवी, कारण या आजारात हाडं विरळ होतात. यंदा श्रावणी सोमवार नाहीत आणि नवरात्राचे उपवासही नाहीत. देवीपुढे दिवा लाव आणि पोटभर जेव. सासूबाईंना मी स्वतः सांगेन. चहा सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा कप, त्याहून जास्त नको. कॉफी बंद. आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात तर धडधाकट माणूस कासावीस होतो, तुझ्या अंगात आतून भट्टी पेटलेली आहे. पाणी, ताक, लिंबाचं सरबत सतत जवळ ठेव, सुती कपडे घाल आणि बारा ते चार बाहेर पडू नकोस.

घरातलं रोजचं आयोडिनयुक्त मीठ नेहमीसारखं खा. सांभाळायचं आहे ते डबाबंद 'थायरॉईड पावडर' आणि समुद्री शेवाळाच्या गोळ्यांपासून, त्यांत आयोडीन मोजमापाबाहेर असू शकतं. अश्वगंधाही नको. थायरॉईडला चांगली म्हणून ती लोक सर्रास सुचवतात. पण तिने हार्मोन वाढू शकतं, आणि तुझं तर आधीच जास्त आहे. कोबी-फ्लॉवर खाऊन हा आजार बरा होत नाही, सोडूनही होत नाही. कधी सीटी स्कॅन करायची वेळ आली तर डाय टोचण्याआधी तुझा आजार सांग, त्या डायमध्ये पुष्कळ आयोडीन असतं. आणि सासूबाईंची सकाळची थायरॉईडची गोळी नेमकी उलट्या आजाराची आहे. दोघींचे डबे वेगळ्या कपाटात ठेवा.

उकिडवं बसून उठताना मांड्यांत बळ नाही असं तुला वाटतं, ते खरं आहे. मांड्या-खांद्यांचे मोठे स्नायू आधी ढिले पडतात. काही महिने कमोड वापर किंवा भिंतीला धरायला कडी लावून घे. जिन्यात कठडा सोडू नकोस. उकळतं दूध उतरवणं, कुकर उचलणं, पाहुण्यांना कपबशीतून चहा नेणं ही कामं दुसऱ्या कुणावर सोपव, हात कापणाऱ्या माणसाने ती करू नयेत. संध्याकाळी गार झाल्यावर चाल. जिम आणि धावणं मात्र नाडी ताब्यात येईपर्यंत बंद.

केस गळतात म्हणून केसांच्या गोळ्या घेशील, त्याआधी हे ऐक. त्या गोळ्यांत बायोटिन भरपूर असतं आणि त्यामुळे बऱ्याच लॅबमध्ये थायरॉईडचा रिपोर्ट चुकीचा येतो, टी-फोर आहे त्याहून जास्त आणि टीएसएच कमी. म्हणजे आजार उतरत असताना कागदावर वाढलेला दिसतो आणि त्या कागदावर डॉक्टर डोस वाढवतात. घेतच असशील तर रक्त देण्याआधी निदान दोन दिवस बंद ठेव आणि लॅबमध्ये सांग. गळणारे केस हार्मोन स्थिरावल्यावर बहुतेक वेळा परत येतात, धीर धर.

डोळ्यांत खुपतं म्हणालीस. स्कूटरवर गॉगल, दिवसा डॉक्टरांनी दिलेले थेंब, रात्री डोक्याखाली दोन उशा. एकाचे दोन दिसू लागले, डोळा हलवताना दुखला, रंग फिके वाटले तर लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जा. सिगारेटने या आजारात डोळे जास्त बिघडू शकतात. तू ओढत नाहीस, पण घरात धूर नको. जावईबापूंनी गच्चीवरसुद्धा न ओढता सोडूनच द्यावी, असं माझं नाव घेऊन सांग.

चिडचिड होते, पटकन रडू येतं, रात्री दोन वाजता डोळे टक्क उघडे राहतात. हा तुझा स्वभाव नाही गं, हार्मोन आहे. लेकरावर ओरडल्यावर स्वतःला कोसत बसू नकोस. घरच्यांना आधीच सांगून ठेव, की दोन महिने माझा आवाज चढला तर मनावर घेऊ नका. मोठे निर्णय, नोकरीचा राजीनामा, भावाशी जमिनीचं बोलणं हे सगळं पुढे ढकल.

दर चार-सहा आठवड्यांनी रक्त तपासतील, तेव्हा टीएसएचवर नजर लावून बसू नकोस. टी-थ्री, टी-फोर जागेवर आले तरी टीएसएच कित्येक महिने तळाला राहू शकतो. वजन भरू लागेल, ते व्हायलाच हवं, त्या धास्तीने गोळी सोडू नकोस. पण थंडी वाजू लागली, पोट साफ होईना, अंग जड झालं तर डोस जास्त होत असेल, तेही सांग. गोळी साधारण वर्ष-दीड वर्ष चालते. बंद केल्यावर जवळजवळ निम्म्या लोकांत आजार उलटतो. तसं झालं तर रेडिओआयोडीन आहे. ते 1941 साली बोस्टनमध्ये पहिल्यांदा दिलं गेलं आणि आपल्याकडे परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये 1963 पासून थायरॉईडचं काम चालतं. त्या नावाला घाबरायचं कारण नाही, पण ते आजचं बोलणंही नाही.

दुसऱ्या बाळाचा विचार मात्र आत्ता थांबवा आणि साधन वापरा. कार्बिमाझोल गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत बाळाला अपाय करू शकते, तेव्हा दुसरी गोळी देतात आणि ते आधी ठरवून करायचं असतं. या आजारात पाळी पुढे-मागे होते, म्हणून चुकलेली पाळी लक्षात येत नाही. जराही शंका आली तर घरी चाचणी कर आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन लाव. आणि पुढचा रिपोर्ट आला की नाडीची वही शेजारी घेऊन मला फोन कर, आपण दोघी मिळून आकडे बघू.