खडकांचे थर आणि जीवाश्मांचे वय

जीवाश्म नुसता हाती घेऊन त्याचे वय सांगता येत नाही. तो ज्या थरात सापडला, त्या थराच्या स्थानावरून ते ठरवावे लागते. पाण्याच्या तळाशी गाळ साचतो, तेव्हा जुना गाळ खाली राहतो व नवा त्यावर पसरतो. म्हणून थरांची उलथापालथ झाली नसेल, तर खालचा थर आधीचा व वरचा नंतरचा होय. हा नियम निकोलस स्टेनो याने १६६९ साली मांडला. पुढे इंग्लंडात विल्यम स्मिथ यास असे आढळले की, विशिष्ट थरात विशिष्ट जीवाश्म असतात व त्यांचा क्रम ठिकठिकाणी तोच राहतो.

येथे कोणी शंका घेईल : थरावरून जीवाश्माचे वय आणि जीवाश्मावरून थराचे, हा अन्योन्याश्रय नव्हे काय? तसे नाही. क्रम थरांच्या स्थानावरून कळतो. वर्षांची गणना निराळ्याच साधनाने होते.

आपल्या देशातील उदाहरण घेऊ. जबलपूर येथे १८२८ साली स्लीमन यास प्रचंड हाडे सापडली. १८७७ साली लिडेकर याने त्या प्राण्यास ‘टायटनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले. ही हाडे लमेटा थरांतील असून त्या थरांवर दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे थिजलेला लाव्हा, पसरलेला आहे. हा लाव्हा एकदम आला नाही. दोन प्रवाहांच्या मधल्या काळात तेथे सरोवरे बनली, त्यांत गाळ साचला. छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान येथे अशा गाळात अश्मीभूत वनस्पती मिळतात. पूर्वीचे भूवैज्ञानिक हे थर क्रिटेशस काळातील मानीत. बिरबल साहनी यांनी वनस्पतींच्या आधारे ते नंतरच्या इओसीन काळातील ठरविले.

हा वाद लाव्ह्याने मिटविला. पोटॅशियमचा एक किरणोत्सारी प्रकार ठराविक गतीने आर्गॉन वायूत पालटतो. त्याचे अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षे आहे. वितळलेल्या खडकातून आर्गॉन निसटतो, थिजल्यावर मात्र आतच साठतो. ह्या दोहोंचे प्रमाण मोजले असता बहुतेक लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे इओसीनच्या आरंभापूर्वी सुमारे १ कोटी वर्षांचा ठरतो. दोन प्रवाहांमधील वनस्पती खालच्या प्रवाहाहून जुनी व वरच्याहून नवी असू शकत नाही. आणि लमेटातील हाडे त्यांवरील लाव्ह्याहून जुनीच असली पाहिजेत.

म्हणून जीवाश्म आढळल्यास तो उपटून नेऊ नये. आधी त्याच्या थराची नोंद व्हावी. ती नोंद हरवली, तर जीवाश्म उरतो, पण त्याचे वय सांगणे दुरापास्त होते.