भिंतीवरील नर्तन

नर्तनाला भूमीचा आधार हवा, असे आपण गृहीत धरतो. नर्तकाची पावले जमिनीवर पडतात, घुंगरू वाजतात आणि समोर बसलेले रसिक दाद देतात. परंतु कोणी जमीन सोडून उंच इमारतीच्या उभ्या भिंतीवर नृत्य करू लागले तर? अमेरिकेत अशी एक नृत्यमंडळी आहे. इमारतीची भिंत हा तिचा रंगमंच आणि भिंतीखालचा भर रस्ता हे तिचे प्रेक्षागृह. या मंडळीचे नाव बँडालूप.

या कल्पनेचे बीज पूर्वीच पडले होते. १९७० साली न्यूयॉर्क शहरात ट्रिशा ब्राउन या नृत्यरचनाकार बाईंनी एक अजब प्रयोग केला. एका सात मजली इमारतीच्या गच्चीवरून एक मनुष्य दोराच्या आधाराने भिंतीवर आला. त्याचे तळवे भिंतीला टेकलेले, शरीर जमिनीला समांतर आणि दृष्टी खाली. अशा स्थितीत, आपण रस्त्याने चालावे तसा, तो पावलामागून पाऊल टाकीत गच्चीपासून जमिनीपर्यंत चालत आला. त्यात उडी नव्हती, गिरकी नव्हती. होते ते केवळ चालणे. परंतु आपण रोज करतो ती साधी क्रिया किती नवलाची आहे, हे त्या प्रयोगाने दाखवून दिले.

पुढे कॅलिफोर्निया राज्यात अमेलिया रुडॉल्फ या नर्तकीने ही वाट अधिक रुंद केली. त्यांना नृत्याइतकाच गिर्यारोहणाचाही छंद होता. कडा चढणाऱ्याला तोल सांभाळावा लागतो, एकेक पाऊल विचारपूर्वक टाकावे लागते आणि शरीराचा भार कोठे आहे याचे भान क्षणभरही सुटू देता येत नाही. नर्तकाला तरी दुसरे काय करावे लागते? मग कड्यावरच नृत्य का करू नये? या प्रश्नातून १९९१ साली बँडालूप मंडळी जन्मास आली. ओकलंड शहर हे तिचे घर. योसेमिती दरीतील प्रचंड कड्यांवर तिने नृत्य केले आहे, तसेच सिअॅटल शहरातील १८४ मीटर उंचीच्या स्पेस नीडल या मनोऱ्यावरही केले आहे.

हे नृत्य होते तरी कसे? नर्तकाच्या कमरेला आणि मांड्यांना मजबूत पट्ट्यांचा साज घट्ट बांधलेला असतो. त्या साजाला जोडलेला दोर वर गच्चीवर पक्का केलेला असतो. नर्तक भिंतीवर पाय रोवून आडवा उभा राहतो. मग भिंत हीच त्याची जमीन होते आणि समोरचे मोकळे आकाश हे त्याचे छत. पोटाचे व पाठीचे स्नायू बळकट नसतील तर शरीर लागलीच खाली लोंबू लागते. वारा सुटला की तोही नर्तकाला आपल्या मर्जीप्रमाणे वळवू पाहतो. तरीही खालून पाहणाऱ्याला या श्रमांचा मागमूस लागत नाही. त्याला दिसते ती केवळ एक सहज, संथ आणि डौलदार हालचाल.

या संथपणाचे रहस्य निसर्गनियमात आहे. जमिनीवर अर्धा मीटर उंच उडी मारणारा नर्तक सेकंदभरही हवेत राहत नाही. पृथ्वी त्याला तत्काळ खाली ओढून घेते. भिंतीवरचा नर्तक मात्र पायाने रेटा देताच घड्याळाच्या लंबकाप्रमाणे बाहेर झेपावतो आणि सावकाश भिंतीकडे परत येतो. दोर १० मीटर लांब असेल तर या जाण्यायेण्याला सुमारे ३ सेकंद लागतात. ४० मीटर असेल तर सुमारे ६ सेकंद. लंबकाची लांबी चौपट केली की त्याच्या झोक्याचा काळ दुप्पट होतो. म्हणून नर्तक जसजसा खाली उतरतो आणि दोर लांब होत जातो, तसतशी त्याची प्रत्येक झेप अधिक मंद होत जाते. वरच्या मजल्यावरील आणि खालच्या मजल्यावरील नर्तकांनी एकाच क्षणी उडी घेतली, तरी ते एकाच क्षणी भिंतीवर टेकत नाहीत. संगीताच्या तालाबरोबर दोराच्या लांबीचाही हिशेब ज्याला ठेवता येतो, त्यालाच ही कला साधते.

परंतु नर्तक कितीही निष्णात असला, तरी त्याचा जीव अखेर दोरावर असतो, आणि दोर काही आपोआप बांधला जात नाही. ज्याला तो बांधायचा तो आधार भार पेलेल काय, गाठ नीट बसली आहे काय, गच्चीच्या कठड्याच्या धारेवर दोर घासत तर नाही ना, हे सारे दक्षतेने तपासणारी माणसे गच्चीवर असतात. प्रयोग चालू असता तीही जागची हलत नाहीत. खाली टाळ्यांचा कडकडाट होतो तो नर्तकांसाठी. वरच्या माणसांची नावे कोणी विचारीत नाही. तरी त्यांच्यावाचून एक पाऊलही पडणार नाही.

जसा हा आधार डोळ्यांना दिसत नाही, तसा दुसराही एक आधार दिसत नाही. तो म्हणजे द्रव्याचा. नाट्यगृहाला दार असते. दारावर तिकीट घेता येते. रस्त्याला दार कोठले? इमारतीवर नृत्य सुरू झाले की कचेरीतून घरी निघालेला कारकून, भाजीची पिशवी घेतलेली गृहिणी, दप्तर पाठीशी टाकलेली मुले, सारेच माना वर करून पाहू लागतात. ज्याने आयुष्यात कधी नाट्यगृहाची पायरी चढली नाही, त्यालाही हे दर्शन घडते. हा या कलेचा मोठेपणा खरा. पण तिची अडचणही हीच. पाहण्याला मोल पडत नाही, म्हणून करण्याला खर्च येत नाही असे नाही. नर्तकांचे व दोर सांभाळणाऱ्यांचे वेतन, नवे दोर, विमा, परवाने आणि अनेक आठवड्यांचा सराव, या सर्वांना पैसा लागतो.

पूर्वी राजेरजवाडे कलावंतांना आश्रय देत. लोकशाहीत राजा म्हणजे लोक. तेव्हा हे कर्तव्यही लोकांकडेच येते. अमेरिकेत १९६५ साली अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या सहीने कायदा झाला आणि कलांना साहाय्य करणारी एक राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिला १९९२ साली सुमारे १७.६ कोटी डॉलर मिळाले होते. १९९६ साली ही रक्कम १० कोटींच्याही किंचित खाली आली. २०२५ सालापर्यंत ती २०.७ कोटींवर गेली होती. परंतु त्या वर्षीच्या मे महिन्यात संस्थाच बंद करावी असा प्रस्ताव अध्यक्षांच्या अंदाजपत्रकात आला, आणि मंजूर झालेले अनुदान रद्द केल्याची पत्रे देशभरच्या शेकडो कलासंस्थांच्या हाती पडली. कित्येकांचे काम तेव्हा निम्म्यावर आले होते.

यावर दोन मते आहेत. काही म्हणतात, "जनतेचा पैसा आधी रुग्णालयांना आणि रस्त्यांना द्यावा. ज्याला नृत्य आवडते त्याने त्याचे मोल द्यावे. सर्वांच्या पैशातून एकाची आवड का पुरवावी?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. गरजा पुष्कळ आणि पैसा थोडा, हे प्रत्येक घराला ठाऊक असते. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की २०.७ कोटी डॉलर ही रक्कम मोठी वाटते खरी. पण त्या देशाच्या सुमारे ३४ कोटी लोकांत ती वाटली, तर माणशी एक डॉलरही पडत नाही. शिवाय ज्या कलेला दार नाही, तिचा खर्च केवळ दारावर कसा भागणार? धनिकांनी देणग्या द्याव्यात हे ठीक. परंतु धनिकांच्या इच्छेवरच सारे सोपविले, तर कोणत्या वस्तीतील भिंतीवर नृत्य व्हावे हेही तेच ठरवतील. सार्वजनिक बाग, सार्वजनिक वाचनालय आणि रस्त्यावरचा दिवा यांचा खर्च आपण सर्व मिळून सोसतो, कारण त्यांचा लाभ कोणालाही नाकारला जात नाही. सर्वांसाठी खुल्या असलेल्या कलेलाही हाच न्याय लावणे उचित होय.

भिंतीवर झेपावणारा नर्तक पाखरासारखा स्वतंत्र दिसतो. पण त्याचे स्वातंत्र्य एका दोरावर आणि तो दोर सांभाळणाऱ्या अनेक हातांवर अवलंबून असते. त्यांतले काही हात गच्चीवर असतात. पुष्कळसे खाली रस्त्यावर, माना वर करून पाहणाऱ्यांचे असतात. हे हात केवळ टाळ्यांसाठी नाहीत, ही जाणीव जेथे जागी असते तेथेच अशी कला टिकते.

शब्दार्थ

निष्णात – तरबेज. द्रव्य – पैसा. दक्षता – सावधपणा. मागमूस – पत्ता, सुगावा. आश्रय – आधार. उचित – योग्य.

स्वाध्याय

१. कडा चढणारा आणि नर्तक यांत रुडॉल्फबाईंना कोणते साम्य आढळले?

२. नर्तक खाली उतरत गेला की त्याची झेप मंद का होते? दोरीला दगड बांधून त्याचे झोके मोजा व आपले उत्तर पडताळून पाहा.

३. 'हा या कलेचा मोठेपणा खरा. पण तिची अडचणही हीच.' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

४. कलांना सार्वजनिक पैशातून साहाय्य द्यावे की नाही, यावर वर्गात वादविवाद करा. दोन्ही पक्षांचे म्हणणे नीट ऐकून मग आपले मत पाच-सहा ओळींत लिहा.