प्रसिद्धीपत्रकातील लिंक म्हणजे बातमीची सनद

मराठीत ‘दुवा’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, थोरामोठ्यांनी दिलेली दुआ. दुसरा, दोन गोष्टींना जोडणारी कडी. उर्दू शाळेत शिकल्यामुळे पहिला अर्थ आम्हाला लहानपणापासून ठाऊक होता. दुसरा मात्र कापडाच्या धंद्यात, तोही नुकसान सोसून शिकावा लागला. इंटरनेटवर ज्याला लिंक म्हणतात तोच हा दुवा. आपल्या मालाची बातमी वर्तमानपत्रांच्या वेबसाइटकडे पाठविताना तिच्यात लिंक किती द्याव्यात, कशा द्याव्यात आणि कोणत्या मुळीच देऊ नयेत, हे व्यापारी व कारागीर बांधवांपुढे मांडण्यासाठी हा लेख.

काही वर्षांपूर्वी रमजानच्या आधी आम्ही सुती दुपट्ट्यांच्या नव्या मालाचे प्रसिद्धीपत्रक काढले. ते लिहून देणाऱ्याने त्यात चौदा लिंक घातल्या. ‘स्वस्त दुपट्टा’, ‘होलसेल दुपट्टा’, ‘उत्तम दुपट्टा’ अशा प्रत्येक शब्दाखाली एक लिंक, आणि सगळ्या लिंक आमच्या वेबसाइटच्या पहिल्याच पानावर नेणाऱ्या. पत्रक दोन-तीन ठिकाणी आले, आम्ही खूश झालो. पंधरा दिवसांनी हैदराबादच्या एका घाऊक व्यापाऱ्यांचा फोन आला. “सेठ, बातमी वाचली, लिंक दाबली, पण दुपट्टा काही दिसला नाही. म्हणून दुसरीकडे ऑर्डर दिली.” त्या वेळी आमच्या पहिल्या पानावर पडद्यांच्या कापडाचे फोटो होते. ईदच्या तोंडावर कारागिरांच्या हाताला मिळणारे काम चौदा लिंक असूनही गेले. चूक त्या लिहिणाऱ्याची जेवढी, त्याहून जास्त आमची. आम्ही एकही लिंक स्वतः दाबून पाहिली नव्हती.

लिंकचे खरे काम

हदीसच्या विद्येत मजकुराला ‘मतन’ म्हणतात आणि तो कोणी कोणाकडून ऐकला त्या साखळीला ‘सनद’. साखळी तुटलेली असेल किंवा तिच्यातला रावी भरवशाचा नसेल, तर मजकूर कितीही सुंदर असला तरी मुहद्दिस त्या रिवायतीला कमजोर ठरवितात. सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत तर बातमी आल्यावर तिची खातरजमा करण्याचा आदेशच आहे. दीनच्या विद्येची दुकानदारीशी बरोबरी करण्याचा आमचा हेतू नाही, परंतु या शिस्तीतून व्यापाऱ्याने शिकण्यासारखे पुष्कळ आहे. प्रसिद्धीपत्रकाचा मजकूर हे मतन आणि त्यातील लिंक ही सनद, एवढे ध्यानात ठेवले तर बाकीचे नियम आपोआप सुचतात.

जगातील पहिले प्रसिद्धीपत्रक १९०६ सालचे मानले जाते. अमेरिकेत अटलांटिक सिटी येथे रेल्वेचा मोठा अपघात झाला. पेनसिल्व्हानिया रेलरोड कंपनीचे प्रसिद्धीचे काम आयव्ही ली यांच्याकडे होते. अपघात दडविण्याऐवजी त्यांनी माहिती लिहून वार्ताहरांना दिली आणि त्यांना प्रत्यक्ष जागेवर नेण्याची सोयही करविली. आम्ही सांगतो, या आणि बघून घ्या, असा तो व्यवहार होता. आज वाचकाला जागेवर नेण्याचे काम लिंक करते. जिथे नेऊन दाखविण्यासारखे काही नाही, तिथे लिंक देण्याचे कारणही नाही.

विकत घेतलेली ग्वाही

मग लोक चौदा-चौदा लिंक का घालतात? याचे कारण समजून घेतले पाहिजे. १९९८ मध्ये लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी गूगलची पद्धत मांडली. एखाद्या पानाकडे दुसऱ्या वेबसाइटवरून येणारी लिंक ही त्या पानाच्या बाजूने दिलेली ग्वाही समजावी आणि भरवशाच्या जागेवरून आलेल्या ग्वाहीला जास्त वजन द्यावे, असा त्यातील मुख्य विचार. ग्वाहीला भाव आला तसे खोटे साक्षीदारही बाजारात आले. पैसे घेऊन एकच पत्रक शेकडो ठिकाणी टाकायचे, प्रत्येकात ‘स्वस्त साडी’सारख्या शब्दाखाली लिंक ठेवायची, म्हणजे शोधात आपले नाव वर येईल, असा हा धंदा होता.

गूगलने याला हळूहळू लगाम घातला. २००५ मध्ये ‘नोफॉलो’ नावाची खूण आली. ही खूण लावलेली लिंक वाचकाला पुढे नेते, पण ग्वाही म्हणून धरली जाऊ नये असे ती सांगते. २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ या बदलाने बनावट लिंकवर वर चढलेल्या वेबसाइट खाली आणल्या. २०१३ मध्ये तर शोधशब्द ठासून भरलेल्या लिंकची प्रसिद्धीपत्रके ठिकठिकाणी वाटणे गैर आहे, असे नियमांत स्पष्ट नमूद झाले. २०१९ पासून पैसे देऊन घेतलेल्या लिंकसाठी ‘स्पॉन्सर्ड’ अशी वेगळी खूणही आहे. सबब “इतक्या रुपयांत शंभर वेबसाइटवर लिंक, शोधात पहिला नंबर” असे कोणी सांगत आला तर हात जोडून त्याला निरोप द्यावा. खोटी ग्वाही आपल्या दीनमध्ये मोठ्या गुन्ह्यांत गणली आहे. ती बाजारात चालत नाही ही गोष्ट नंतरची.

पत्रक पैसे देऊन वाटले जाणार असेल, तर लिंकना ‘नोफॉलो’ किंवा ‘स्पॉन्सर्ड’ खूण लावण्यास सांगावे. त्याने काही बिघडत नाही. आपल्याला गिऱ्हाईक आणि वार्ताहर हवा आहे, आणि तो खूण असलेल्या लिंकवरूनही येतो.

दाव्याला पुरावा जोडा

समजा, सोलापूरच्या एका कारखानदाराने पत्रकात लिहिले की आमची चादर अस्सल सोलापुरी आहे. असे म्हणणारे पुष्कळ. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. १९९९ च्या कायद्याने ही मानांकने दिली जातात, हा कायदा २००३ मध्ये अमलात आला आणि त्याचे नोंदणी कार्यालय चेन्नईत आहे. मानांकनाशिवाय उत्पादकाला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून आपली स्वतंत्र नोंद करता येते. ती नोंद असेल तर ‘अस्सल’ या विशेषणाऐवजी “भौगोलिक मानांकन नोंदणीतील आमची नोंद” असे शब्द लिहून त्यांच्याखाली नोंदणी कार्यालयाच्या वेबसाइटवरील लिंक द्यावी. संपादकाची शंका तिथेच फिटते. नोंदणीची मुदत दहा वर्षांची असते, नंतर ती वाढवून घ्यावी लागते. म्हणून लिंक देण्याआधी आपली नोंद चालू आहे ना, हे पाहावे. आणि नोंद नसेल तर दावाही करू नये. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा बाहेर काढला, हा प्रसंग आपण सर्वांनी ऐकलेला आहे. लिंक दाबणारा वाचक राशीत हातच घालत असतो.

काही कामाचे नियम

१) साधारण एका पानाच्या पत्रकात दोन किंवा तीन लिंक पुरेत. एक मालाची, एक पुराव्याची आणि एक वार्ताहरांसाठी मोठ्या फोटोंची. सर्वांत महत्त्वाची लिंक पहिल्या दोन परिच्छेदांत यावी, कारण शेवटपर्यंत वाचणारे थोडे.

२) लिंक जिथे माल आहे त्याच पानावर न्यावी, पहिल्या पानावर नव्हे. ज्यांची वेबसाइट नाही त्यांनी निराश होऊ नये. व्हॉट्सॲप बिझनेसवरील कॅटलॉगचीही लिंक मिळते.

३) लिंकचे शब्द पुढे काय दिसणार ते सांगणारे असावेत. “येथे क्लिक करा” यातून काहीच कळत नाही. “सुती दुपट्ट्यांचे नवे नमुने व दरपत्रक” असे लिहिले म्हणजे गिऱ्हाईक जाणून-समजून येते.

४) काही संपादक मजकूर घेतात व लिंक गाळतात, आणि छापील अंकात तर लिंक दाबता येतच नाही. म्हणून पत्रकाच्या शेवटी वेबसाइटचा पूर्ण पत्ता व फोन नंबर साध्या अक्षरांत लिहावा.

५) पत्ता आखूड करून देणाऱ्या सेवांवर फार विसंबू नये. आखूड लिंकमध्ये पुढे कोणते पान आहे ते दिसत नाही, त्यामुळे फसवणुकीच्या भीतीने लोक ती दाबत नाहीत. शिवाय सेवा बंद झाली की लिंकही जाते. गूगलने आपली आखूड लिंकची सेवा गुंडाळत असल्याचे २०१८ मध्ये जाहीर केले आणि वापरात नसलेल्या जुन्या लिंक २०२५ मध्ये बंद केल्या.

६) पत्रक निघाल्यावर ते पान काढू नये. माल संपला तर “हा माल संपला, नवा माल इथे पाहा” असे त्याच पानावर लिहावे. पान हलवावेच लागले तर जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर आपोआप नेण्याची सोय वेबसाइट करणाऱ्याकडून करून घ्यावी. नाहीतर वाचकाला ‘४०४’ असा आकडा दिसतो, म्हणजे पान सापडत नाही. दुकानावर कुलूप दिसावे तसेच ते.

७) कोणत्या पत्रकातून किती लोक आले हे कळण्यासाठी लिंकच्या शेवटी ‘यूटीएम’ नावाची खूण जोडता येते. प्रत्येक ठिकाणासाठी खूण वेगळी ठेवावी. मग पुढच्या वेळी खर्च कुठे करायचा हे अंदाजाने नव्हे, हिशेबाने ठरविता येते.

८) पाठविण्यापूर्वी प्रत्येक लिंक स्वतःच्या मोबाइलवर दाबावी, आणि घरातील दुसऱ्या एखाद्याच्या साध्या मोबाइलवरही. पान उघडायला फार वेळ लागला तर फोटो हलके करून घ्यावेत.

ठाण उलगडून दोन्ही बाजूंनी पाहिल्याशिवाय आपण कापड घेत नाही. लिंकही तशीच उलगडून पाहावी. त्या फोननंतर आम्ही पत्रकात तीनच लिंक देतो आणि तिन्ही आधी स्वतः दाबून पाहतो. यात दहा मिनिटेही जात नाहीत. ती दहा मिनिटे त्या रमजानच्या आधी दिली असती, तर आमच्या कारागिरांची ईद वेगळी झाली असती.

अल्लाह आपणा सर्वांना खऱ्या व्यवहाराची तौफीक देवो आणि आपल्या रोजीत बरकत देवो. आमीन.