रानपिंगळ्याचे घर

खानदेशच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगा पसरल्या आहेत. तेथील साग, सालई, अंजन यांच्या विरळ रानात रानपिंगळा नावाचे लहानसे घुबड राहते. गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके असतात. रानपिंगळ्याचे डोके मात्र जवळजवळ ठिपक्यांविना असते. शिवाय हा पक्षी भर दिवसाही शिकार करतो.

१८७३ साली ॲलन ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. पुढे जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात त्याचे काही नमुने मिळविले. परंतु १८८४ नंतर तो दिसेनासा झाला. १९१४ साली तो गुजरातेत मिळाला, असे सांगणारी चिठ्ठी एका नमुन्यास बांधलेली होती. ती बनावट असल्याचे पामेला रासमुसेन यांनी ओळखले. जुन्या खऱ्या नोंदींचा माग काढीत त्या सहकाऱ्यांसह शहाद्याजवळ आल्या. हा भाग तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी एका निष्पर्ण झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला. नाहीसा झाला असे वाटणारा पक्षी ११३ वर्षांनी सापडला!

पुढे जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्यातही त्याची नोंद झाली. हे अभयारण्य १९६९ साली स्थापन झाले असून त्याचे क्षेत्र सुमारे १७७ चौरस किलोमीटर आहे.

मग त्याचे रक्षण कसे करावयाचे? रानपिंगळ्यास ढोली कोरता येत नाही. जुन्या, मोठ्या झाडाच्या आयत्या ढोलीतच तो अंडी घालतो. माणसास असे पोकळ झाड निरुपयोगी वाटते; ते सरपणासाठी किंवा शेतीसाठी तोडले, की पक्ष्याचे घरच मोडते. नवे रोप आज लावले, तरी त्यात ढोली होण्यास अनेक वर्षे लागतात. म्हणून जुनी झाडे राखणे, हेच पहिले काम होय. वणवा पसरू नये म्हणून उन्हाळ्यापूर्वी गवत काढून मोकळे पट्टे राखतात. त्यांना जाळरेषा म्हणतात.

रानाकाठच्या लोकांनाही सरपण व चारा हवाच असतो. त्यांची सोय झाली आणि त्यांचे सहकार्य मिळाले, तरच रान टिकेल. रानपिंगळा उंदीर, सरडे व किडे खातो; त्याला अशुभ मानून मारणे हे अज्ञान होय.

एकदा हरवलेला हा पक्षी सुदैवाने पुन्हा सापडला. त्याचे ढोलीचे झाड राखणे मात्र आपल्याच हाती आहे.