मजूर सहकारी संस्था आणि ठेकेदारी : नफ्याचा हिशेब

बांधबंदिस्ती, रस्ते, पाझर तलाव अशी कामे गावात निघाली म्हणजे ती ठेकेदाराकडे जावीत की मजुरांनी स्वतःची सहकारी संस्था स्थापून घ्यावीत, असा प्रश्न उपस्थित होतो. त्याचे उत्तर हिशेबाने द्यावे.

ठेकेदारीत भांडवल मजुरास कामावर ठेवते. मजूर संस्थेत मजूर भांडवल उभारून त्यास कामाला लावतात. मूळ भेद हाच होय. संस्थेत भाग कितीही असोत, प्रत्येक सभासदास मत एकच असते.

उदाहरणादाखल 5,00,000 रुपयांचे काम घेऊ. मजुरी 3,00,000 आणि इतर खर्च 1,40,000 रुपये वजा जाता 60,000 उरतात. ठेकेदारीत ही सर्व रक्कम ठेकेदाराची. संस्थेत मात्र तिची वाटणी पुढीलप्रमाणे होऊ शकेल :

1. राखीव निधी : 15,000 रुपये. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 अन्वये निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा ह्या निधीत टाकावा लागतो.
2. 50,000 रुपयांच्या भागांवर दरसाल दर शेकडा 10 प्रमाणे लाभांश : 5,000 रुपये.
3. अवजारांसाठी : 10,000 रुपये.
4. उपविधींप्रमाणे सभासदांस बोनस : 30,000 रुपये. रोजंदारी 500 रुपये धरल्यास कामाचे 600 दिवस भरतात. म्हणजे प्रत्येक दिवसामागे 50 रुपये अधिक.

तथापि संस्थेचा मार्ग निर्धोक नाही. बिलाची रक्कम लांबली तर ठेकेदार पदरचे पैसे घालून काम चालवितो. नफा वाटून रिकामी झालेली संस्था तेथेच अडते आणि सभासद पुन्हा सावकाराच्या दारी जातात. दुसरा धोका असा की, जुने सभासद नव्यांस प्रवेश न देता त्यांना नुसत्या मजुरीवर राबवितात. मग संस्थाच ठेकेदार बनते.

केरळमधील वडकराजवळची उरालुंगल मजूर संस्था येथे लक्षात घेण्याजोगी आहे. समाजसुधारक वाग्भटानंद ह्यांच्या अनुयायी मजुरांना सनातनी जमीनदारांनी काम नाकारले, तेव्हा त्यांनी 1925 साली ती स्थापन केली. किरकोळ कामांपासून निघालेली ही संस्था आज मोठे रस्ते व पूल बांधते. तिचे संचालक मजूर सभासदांतूनच निवडले जातात.

ग्रामसेवकांनी नव्या संस्थेस प्रारंभीच तीन गोष्टी पटवून द्याव्यात : हिशेब दरमहा सभेत वाचावा, राखीव निधीला हात लावू नये आणि नियमित राबणाऱ्या प्रत्येक मजुरास सभासद करून घ्यावे.