ग्रास कटर घेताय? आधी गवत ओळखा, मग मशीन बघा



गणपतीच्या आधी कल्याण-डोंबिवलीतल्या सोसायट्यांना आवार साफ करून हवे असते. त्याच दिवसांत मुरबाड-शहापूरकडे बांध आणि आंब्याच्या बागा गवताने भरलेल्या असतात. एवढे काम विळ्याने उरकत नाही, म्हणून गट कर्ज काढून ग्रास कटर घ्यायचे ठरवतात. विचार चांगलाच आहे. पण गवत वाढते चार-पाच महिने आणि हप्ता भरायचा बारा महिने! म्हणून ऐन हंगामात बंद पडणार नाही, अशीच मशीन निवडायला हवी.

आधी हिशेब मांडा

समजा, मशीन १२,००० रुपयांना पडली. पेट्रोल, ऑइल, तार आणि चालवणाऱ्या ताईची मजुरी वजा जाता दिवसाला २०० रुपये उरले, तर मुद्दल फिटायला ६० दिवसांचे काम लागते. व्याज वेगळे. सुटा भाग मिळाला नाही म्हणून कामाचे १० दिवस बुडाले, तर २,००० रुपये गेले. दुकानात ५०० रुपये कमी करून घेतले, त्याला मग काय अर्थ?

गवत कुठले आहे?

- कोवळे गवत, कोवळा टाकळा: नायलॉनची तार पुरते. भिंतीकडेला आणि झाडांच्या आळ्याभोवती तारच बरी. मात्र कोवळ्या रोपाची साल तारेनेही सोलते, तिथे हातानेच काढा.
- निबर टाकळा, रानमोडी: इथे तार सारखी तुटते. तीन दातांचे लोखंडी पाते लावा.
- घाणेरीचे जुने खोड: करवतीसारख्या दातांचे गोल पाते किंवा सरळ कोयता. तीन दातांचे पाते जाड खोडावर आपटले तर मशीन बाजूला झटका मारते.
- गाजरगवत: फुलावर येण्याआधी हातमोजे घालून मुळासकट उपटा. मशीनने त्याचे तुकडे आणि परागकण उडतात, अंगाला खाज सुटते, दम्याच्या माणसाला त्रास होतो.

म्हणजे गटाला तार आणि पाते दोन्ही बसणारी मशीन हवी. वाकड्या नळीच्या हलक्या मशीनला बहुधा फक्त तारच बसते. ती घरच्या हिरवळीसाठी ठीक, भाड्याच्या कामाला नाही.

दुकानात काय बघाल?

१. सरळ नळी, आत भरीव लोखंडी दांडा आणि खाली गिअरचा डबा. त्यात ग्रीस कुठून भरायचे, ते विचारा.

२. नुसत्या सीसीच्या आकड्याला भुलू नका. जास्त सीसीची मशीन सहसा जड असते आणि पेट्रोलही जास्त खाते. पट्टा गळ्यात घालून दहा मिनिटे उभ्या राहा. चालवणारी ताईच दुकानात हवी, दुसरी नको.

३. कार्बोरेटर, स्टार्टरची दोरी, क्लच, तारेचा गड्डा हे भाग दुकानात आत्ता आहेत का? 'मागवून देतो' असे उत्तर आले तर दुसरे दुकान बघा. दुरुस्तीसाठी मशीन एसटीतून नाहीतर आसनगावहून लोकलने कल्याणला न्यायची म्हणजे एका ताईचा रोज बुडतो.

४. पक्के बिल गटाच्या नावाने घ्या. वॉरंटी किती आणि भाड्याच्या कामाला ती लागू आहे का, हे लिहून घ्या.

मशीन टिकते ती पेट्रोलवर

टू-स्ट्रोक मशीनमध्ये नुसते पेट्रोल घातले तर पिस्टन जाम होतो आणि मोठा खर्च निघतो. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळावेच लागते. पुस्तिकेत १:२५ लिहिले असेल तर एक लिटरला ४० मिली, १:५० असेल तर २० मिली. अंदाजाने ओतू नका, मापाची बाटली ठेवा. फोर-स्ट्रोकला ऑइल वेगळ्या जागी भरतात, ते रोज तपासा.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि ते पावसाळी हवेतला ओलावा ओढते. म्हणून काम नसेल तेव्हा टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. रोज संध्याकाळी एअर फिल्टर साफ करा. सुकून कडक झालेली नायलॉन तार रात्रभर पाण्यात भिजवली तर कमी तुटते.

स्वतःला जपा

चष्मा, बूट आणि पायघोळ पँट हवीच. साडीचा पदर किंवा ओढणी मोकळी नको, केस बांधलेले हवेत. आधी काठीने गवत झोडपा, साप असेल तर निघून जाईल. दगड, काचा, तारा वेचा. १५ मीटरच्या आत कोणी नको, मुले तर नाहीच. पात्यात गवत गुंतले तर मशीन बंद करूनच हात घाला. पेट्रोल मशीन गार झाल्यावरच भरा.

अनुदानाचे

कृषी यांत्रिकीकरण योजनेत महिला शेतकऱ्यांना ठरलेल्या मर्यादेत ५० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर होतो. पूर्वसंमती मिळण्याआधी मशीन घेतली तर अनुदान हातचे जाते. म्हणून आधी तालुका कृषी कार्यालयात जा आणि कुठली मशीन बसते ते विचारा.

पुढच्या बैठकीत बोला

- आपल्या भागात जास्त गवत कुठले, आणि काम देणारे कोण?
- मशीन कोण चालवणार? दुसरी कोण शिकणार?
- मशीन कोणाच्या घरी राहणार? रोजचे तास, पेट्रोल आणि भाडे वहीत कोण लिहिणार?

उत्तरे ठरली की ठराव लिहा, सह्या घ्या आणि मगच दुकानात जा.